हाय-हॅलोच्या पुढं: भांडुपची गच्ची आणि ताश्कंदचं अंगण

गेल्या काही वर्षांत शिक्षकांच्या ग्रुपवर एका प्रकारचे फोटो खूप यायला लागलेत. प्रोजेक्टरवर परदेशातला एखादा वर्ग दिसतोय, इकडे आपली पोरं ओळीत बसून हात हलवतायत, आणि खाली लिहिलेलं असतं की आज आमच्या शाळेने अमुक देशाशी संवाद साधला. बघायला छान वाटतं, आणि एवढ्यासाठी सुद्धा त्या शिक्षकाला किती खटपट करावी लागली असेल, नेट, लॅपटॉप, हेडमास्तरांची परवानगी, हे सगळं मला माहितीये त्यामुळे त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण मला दरवेळी हाच प्रश्न पडतो की दुसऱ्या दिवशी त्या वर्गात काय झालं? बहुतेक वेळा काहीच नाही. मुलांनी पाठ करून ठेवलेलं असतं, माय नेम इज, आय लिव्ह इन मुंबई, व्हॉट इज युअर फेव्हरेट फूड, तिकडून उत्तर येतं पिझ्झा, इकडून उत्तर जातं बिर्याणी, सगळे टाळ्या वाजवतात, कॉल संपतो. मुलांना मजा येते, नाही असं नाही. पण ती मजा संध्याकाळपर्यंत उतरते.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की दोन वर्ग जोडायचे असतील तर आधी दोघांमध्ये मिळून करायचं एक काम हवं, आणि ते काम असं हवं की जे एकट्या वर्गाला जमणारच नाही. मग कॉल आपोआप लागतो, कारण पोरांना खरंच काहीतरी विचारायचं असतं.

आमच्या आठवीच्या वर्गाचं काम होतं पृथ्वी मोजायचं.

हे नवीन काही नाही हो, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसने हेच केलं होतं. सायीनमध्ये, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच दिवशी अलेक्झांड्रियाला मात्र काठीची सावली पडते, तिथे काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन निघाला पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग म्हणजे ७.२ अंश. दोन गावांमधलं अंतर गुणिले ५०, झाला पृथ्वीचा घेर. आता या प्रयोगातली गंमत बघा, एका गावात बसून तो होतच नाही. दुसऱ्या गावात कुणीतरी त्याच दिवशी काठी उभी करून बसलेलं असायला लागतं. जगभरातल्या शाळा मिळून हा प्रयोग करतात तो याच कारणाने, आणि माझ्या मते वर्ग जोडण्यासाठी याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही.

आम्हाला जोडीदार मिळाला ताश्कंदचा, उझबेकिस्तानचा. शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय ग्रुपवर मी विचारलं होतं की आमच्या जवळपासच्या रेखांशावर कुणी आहे का, तर तिथल्या भूगोलाच्या एका बाईंचं उत्तर आलं. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व, ताश्कंद ६९. म्हणजे आमच्या जवळजवळ सरळ वर, उत्तरेला. आणि दुसरी सोय म्हणजे त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे दोन्हीकडची शाळा चालू असताना लाइव्ह बोलता येतं. ही अर्ध्या तासाची गोष्ट वाटते तेवढी छोटी नाहीये. अमेरिकेतल्या शाळेशी जोडायचं म्हणाल तर न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच नाहीतर साडेसहा, शाळा सुटायची वेळ किंवा सुटून गेलेली, आणि युरोपवाले वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात त्यामुळे मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर ठरवलेली वेळ हमखास चुकते. जपान साडेतीन तास पुढे, केनिया अडीच तास मागे, हे देश आपल्या वेळापत्रकात नीट बसतात. पण आपल्याकडे 'ग्लोबल' म्हटलं की सगळे थेट इंग्लंड-अमेरिकेकडेच बघतात, आशिया-आफ्रिकेकडे कुणी बघतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पालकसभेत ताश्कंद म्हटल्याबरोबर मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "शास्त्रीजी गेले ते गाव." ११ जानेवारी १९६६. मुलांना हे माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून वाचून आली. मला तर तिथेच वाटलं की जोडीदार बरोबर निवडलाय.

तर काठी. एक मीटरचा पीव्हीसी पाइप कापून घेतला, रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात उभा केला. वाळूच्या वर बरोबर एक मीटर राहिला पाहिजे आणि पाइप अगदी सरळ उभा पाहिजे, जरा जरी कलला तरी सगळं गणित बिघडतं. वर्गातल्या एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात, तो घरून ओळंबा आणि लेव्हल घेऊन आला. एरवी हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. त्या दिवशी गच्चीवर त्याने सगळ्यांना दाखवलं की ओळंब्याची दोरी दोन बाजूंनी बघायची असते, एका बाजूने सरळ दिसणारी वस्तू दुसऱ्या बाजूने कललेली असू शकते. मग हीच गोष्ट त्याने ताश्कंदच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर करून दाखवली, एक अक्षर इंग्रजी न बोलता, नुसतं हाताने, आणि त्यांना कळलं. त्यांनी एका दोरीला नट बांधून तसाच ओळंबा तयार केला आणि आम्हाला फोटो पाठवला.

पहिलं माप ठरलं २० मार्चला. खरं तर २१ला घ्यायचं म्हणत होतो, पण २१ला त्यांच्याकडे नवरोज, सार्वजनिक सुट्टी. ते कळल्यावर आमच्या पोरांनी विचारलं की नवरोज म्हणजे पारशी लोकांचाच ना? हो, मुंबईतले पारशी-इराणी जमशेदी नवरोज त्याच दिवशी करतात, दादर पारशी कॉलनीत त्या दिवशी दारादारांत रांगोळ्या असतात. मग त्यांनी सांगितलं की तिकडे गव्हाला मोड आणून त्याचं सुमालक नावाचं गोड काहीतरी रात्रभर मोठ्या कढईत ढवळत बसतात, सगळी गल्ली जागी असते, आणि आमच्या मुलींनी गुढीचा फोटो आणि कडुलिंब-गुळाची कृती पाठवली. हे सगळं कुणी 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हणून ठरवलेलं नव्हतं हं, तारीख बदलायला लागली म्हणून विषय निघाला.

आता एक गोष्ट जी मुलांना (आणि खूप मोठ्यांनाही) माहीत नसते, मुंबईत सूर्य बारा वाजता सगळ्यात वर नसतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि आपण बरेच पश्चिमेला, त्यामुळे मार्चमध्ये मुंबईची खरी मध्यान्ह साधारण १२ वाजून ४५ मिनिटांनी येते. आमची आठवी दुपारच्या सत्राची, सगळ्यांना अर्धा तास आधी बोलावलं. गच्चीवर चार्ट पेपर अंथरले, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि साडेबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलने टिंब करत गेलो. सावली छोटी होत जाते, होत जाते, मग दोन-तीन टिंबं जवळजवळ एकाच अंतरावर, आणि मग परत वाढायला लागते. जी सगळ्यात छोटी तीच आपली. आमची आली ३५ सेंटीमीटर. फोनवर ताश्कंदवाले लाइव्ह होते, त्यांची मध्यान्ह अजून व्हायची होती, ती आपल्या घड्याळाने एकच्या सुमारास. मधली पंधरा मिनिटं दोन्हीकडची पोरं नुसती बघत बसली की सूर्य आता तिकडे निघालाय. पृथ्वी फिरते हे पुस्तकात आहेच, पण भांडुपची दुपार पुढे सरकून ताश्कंदला पोचते ती बघत उभं राहणं वेगळं. एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे आपलं ऊन तेच आहे का?" तिला मी लगेच उत्तर नाही दिलं, वर्गालाच विचारलं, आणि त्यावर जो वाद झाला तो पुढचे दोन तास चालला.

त्यांची सावली आली ८७ सेंटीमीटर.

आठवीला त्रिकोणमिती नसते, त्यामुळे आलेखाच्या कागदावर प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजला. आमचा साडेएकोणीस, त्यांचा ४१. फरक साडेएकवीस. अंतर काढलं गुगल मॅप्सवर, इथे एक मेख आहे, मुंबई ते ताश्कंद तिरकं अंतर घ्यायचं नाही, मुंबईपासून सरळ उत्तरेला ताश्कंदच्या अक्षांशापर्यंत जायचं, ते आलं साधारण २,४६० किलोमीटर. त्याला ३६०ने गुणून साडेएकवीसने भागलं तर घेर आला ४१,१९० च्या आसपास. खरा घेर, ध्रुवांवरून मोजलेला, ४०,००० किलोमीटरच्या अगदी किंचित वर आहे. गच्ची, पाइप आणि वाळूचा डबा एवढ्यावर हे उत्तर आलंय, मला तर खूप आनंद झाला, पण मुलांचं समाधान होईना. हे हजारभर किलोमीटर जास्तीचे आले कुठून?

आणि इथून पुढचं काम त्यांनी आपणहून केलं. सगळी मापं परत तपासली, फोटो झूम करून बघितले, आणि सापडलं काय तर सावलीच्या टोकाची कड. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याचं बिंब साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे सावलीचं टोक पुसट असतं, गडद सावली कुठेतरी संपते आणि त्यापुढे थोडी फिकट सावली असते. आमच्या पोरांनी फिकट सावली जिथे संपते तिथे टिंब केलं होतं, ताश्कंदवाल्यांनी गडद संपते तिथे. ही गोष्ट कोणत्याही एका वर्गाला कधीच कळली नसती, दोघांची पद्धत समोरासमोर ठेवली तेव्हाच दिसली. मग दुसरा कॉल झाला तो फक्त 'टोक कशाला म्हणायचं' यावर, हातात कागद धरून, चित्रं काढून, आणि ठरलं की दोघांनीही पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करायची.

त्यांची वसंताची सुट्टी संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत मोजलं. दोन्हीकडच्या सावल्या आता छोट्या झाल्या होत्या, आमची साडेचोवीस, त्यांची साडेबहात्तर, कारण तोवर सूर्य उत्तरेला सरकलेला, पण दोघांच्या कोनांमधला फरक काही त्याने बदलत नाही, फक्त दिवस एकच हवा. १४ आणि ३६. फरक २२. घेर ४०,२५० च्या आसपास. गच्चीवर जो काय आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

त्याच कॉलमध्ये त्यांच्याकडच्या एका मुलाने अल्-बिरूनीबद्दल सांगितलं. आपल्याकडे अल्बेरुनी म्हणून इतिहासात येतो तोच. तो ९७३ साली ख्वारिझममध्ये जन्मला, आजच्या उझबेकिस्तानात, गझनीच्या महमूदाच्या काळात इकडे आला, आणि नंदना नावाच्या किल्ल्यावरून, जो आता पाकिस्तानच्या पंजाबात आहे, डोंगराची उंची आणि क्षितिज किती खाली दिसतं त्याचा कोन घेऊन पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांचा माणूस आपल्याकडे येऊन पृथ्वी मोजून गेला. ताश्कंदमध्ये त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनसुद्धा आहे. माझ्या वर्गाला तोपर्यंत त्याचं फक्त 'परकीय प्रवासी' या मथळ्याखालचं नाव माहीत होतं.

भाषेचं विचारतात सगळे. आमची शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, आणि पालकांच्या मनात पक्कं बसलंय की मराठी शाळेतल्या मुलाचं जगाशी काही जमायचं नाही. मी हे छातीठोकपणे सांगते, की आमच्या मुलांना इंग्रजी जेमतेम, ताश्कंदच्या मुलांनाही जेमतेम, आणि दोघांचं उत्तम जमलं. मुलं मराठीत लिहायची, ट्रान्सलेटवरून उझबेकमध्ये जायचं, तिकडून तसंच यायचं, कधीकधी भलतंच काहीतरी यायचं मग चित्र काढून पाठवायचं. आकडे आणि आकृत्या तर सगळीकडे सारख्याच. इंग्रजीची वाक्यं पाठ करायला लावली की तीच मुलं गप्प होतात जी मराठीत तावातावाने भांडत असतात. जुलैच्या पावसावर एका मुलीने जे मराठीत लिहिलं ते मी कुठल्याही स्पर्धेत पाठवीन.

हो, पाऊस. तो आमचा पुढचा विषय. त्यांची शाळा सप्टेंबरात सुरू होते, म्हणजे आपला पावसाळा त्यांच्या सुट्टीत जातो, त्यामुळे आम्ही जून-जुलैचे आकडे वहीत लिहून ठेवले आणि सप्टेंबरात पाठवले. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला कुलाबा आणि सांताक्रूझचा पाऊस मोजतं तेव्हाच आमची मुलं शाळेच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचा मोजायची. ताश्कंदला वर्षभराचा पाऊस मिळून साधारण ४०० ते ४५० मिलिमीटर, तोही बराचसा हिवाळ्यात आणि वसंतात, जुलैत जवळजवळ काहीच नाही. आपला नुसता जुलै त्याच्या कितीतरी वर जातो. मुलांनी २६ जुलै २००५ बद्दल लिहिलं, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि तिकडून उत्तर आलं की तुमचा आकडा चुकलाय, टिंब द्यायचं राहिलंय. दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात, त्यांना पटेचना. मग मुलांनी घरी जाऊन आईवडिलांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, आणि ते सगळं लिहून पाठवलं. कुणाचे वडील कुर्ल्याहून रुळांवरून चालत आलेले, कुणाची आजी चाळीतल्या पोटमाळ्यावर रात्रभर. घरात कधी कुणी हे विचारलं नव्हतं, ताश्कंदच्या मुलांनी विश्वास ठेवला नाही म्हणून विचारलं गेलं.

साधनांचं म्हणाल तर शाळेतला एक जुना लॅपटॉप, माझ्या फोनचा हॉटस्पॉट, बास. भारीतला स्मार्ट बोर्ड आमच्याकडे नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. ॲप कुठलं वापरायचं यावर लोक खूप वेळ घालवतात, पण ॲप येतात आणि जातात. जगभरातल्या वर्गांनी स्काइपवर 'मिस्टरी' खेळ खेळला, फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून समोरचा वर्ग कुठे आहे ते ओळखायचं, आणि ते स्काइपच मे २०२५ मध्ये बंद झालं. माझा भर लाइव्ह कॉलपेक्षा पाठवून ठेवलेल्या गोष्टींवर जास्त असतो, आवाजाचे छोटे संदेश, फोटो, मापांचा तक्ता, कारण नेट गेलं तरी ते पोचतं आणि मुलांना उत्तर द्यायला विचार करता येतो.

आणि हे काम करणारे आपल्याकडे फार मोठे लोक आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, त्यांचं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं काम सगळ्यांना माहितीये, पण भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना जोडायचं त्यांचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. आयअर्न हे शाळांचं जाळं तर १९८८ पासून आहे, न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून सुरू झालेलं, शीतयुद्ध चालू असताना. आणि हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी रेडिओ! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून २००० सालापासून शाळांशी बोलणं होतं, २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे होते तेव्हा भारतातल्या मुलांशीही असेच बोलले. स्थानक आपल्या डोक्यावरून जातं तेवढीच वेळ मिळते, जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी मुलं कितीतरी आधीपासून तयारी करतात, प्रश्न लिहितात, खोडतात, एकच निवडतात. मला वाटतं शिक्षण तिथेच होतं, त्या खोडण्यात.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मी फार काटेकोर आहे. पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय कुणाचाही चेहरा कॅमेऱ्यासमोर नाही, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते हे स्पष्टच आहे. मुलांनी एकमेकांचे नंबर घ्यायचे नाहीत, आडनाव-पत्ता नाही, सगळं शिक्षकांच्या मार्फत. आणि फोटो ग्रुपवर नाहीत, शाळेच्या पेजवरही नाहीत. एका पालकांनी नाही म्हणून सांगितलं, त्यांची मुलगी कॅमेऱ्याच्या मागे राहून वेळ नोंदवायची, सगळ्यात अचूक नोंदी तिच्याच आहेत.

आता पुढचं. मुंबईत वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो, १५ मेच्या आसपास आणि २७-२८ जुलैच्या आसपास. पहिला सुट्टीत, दुसरा ढगांत, म्हणजे शाळेला दोन्ही नडतात, पण यंदा मे महिन्यात जी मुलं गावी जात नाहीत त्यांनी गच्चीवर यायचं कबूल केलंय. ताश्कंद कर्कवृत्ताच्या बरंच वर, त्यांच्या काठीची सावली कधीच नाहीशी होत नाही, त्यांना ती आमच्याकडून लाइव्ह बघायचीय. आणि मुलांना आता तिसरा वर्ग हवाय, खाली दक्षिणेला. नकाशात त्यांनीच शोधलं, मालदीवचं माले, रेखांश साडेत्र्याहत्तर, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ बरोबर खाली, २० मार्चला तिथे एक मीटरच्या काठीची सावली जेमतेम सात सेंटीमीटर पडेल, घड्याळ ताश्कंदसारखंच अर्धा तास मागे. तीन ठिकाणचे कोन मिळाले की मुंबई-ताश्कंदचं उत्तर आणि मुंबई-मालेचं उत्तर ताडून बघता येईल. कुणाच्या ओळखीत मालेला शिक्षक असतील, आठवी-नववीला शिकवणारे, विषय कुठलाही चालेल, तर मला नक्की कळवा. पुढच्या २० मार्चच्या आत दोनदा तरी सराव व्हायला हवा.